सोलापूरच्या उन्हात टिकणारा तयार गेमिंग पीसी: साठ हजारांत काय बघून घ्यावा

बजेट साठ हजारांच्या आतबाहेर असेल, तर तयार गेमिंग पीसी घेताना प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव विचारा, कंपनी आणि मॉडेल नंबरसकट. ‘आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट’ एवढ्या वर्णनावर पैसे देऊ नका. ज्या पार्टचं नाव सांगायला टाळाटाळ होते, काटकसर नेमकी तिथेच केलेली असते.

प्रोसेसरपासून बघू. नुसत्या ‘आय-सेव्हन’ला अर्थ नाही, पुढचा आकडा कोणता ते महत्त्वाचं. आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर आणि आय७-३७७० हा २०१२ चा. ऑनलाइन वीस हजारांत दिसणाऱ्या ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’त बहुतेक वेळा हेच असतात, एच६१ हा जुना मदरबोर्ड आणि डीडीआर३ ही जुनी रॅम सोबत. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, हे दोन्ही त्याआधीचे. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट हा गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी नसतील तर सुरूच होत नाही. या जुन्या आय-सेव्हनपेक्षा आय३-१२१००एफ कितीतरी वेगवान, आणि आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० मिळाला तर पुढची काही वर्षं बघायला नको. इंटेलच्या नावातल्या शेवटच्या ‘एफ’कडे लक्ष असू द्या. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. म्हणजे ग्राफिक्स कार्ड वॉरंटीसाठी पुण्या-मुंबईला गेलं, की ते परत येईपर्यंत स्क्रीन काळीच.

एकूण रकमेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त ग्राफिक्स कार्डावर जायला हवा. ‘टू जीबी ग्राफिक्स’ म्हणून जीटी ७१० किंवा जीटी ७३० दाखवलं, तर तो पीसी गेमिंगचा नाही. आरटीएक्स ३०५० च्या बाबतीत विशेष सांभाळा, कारण त्या एकाच नावाखाली ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन वेगळी कार्डं विकली जातात. फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत आणि मेमरीची बस, म्हणजे डेटाची वाटही अरुंद, त्यामुळे ते हळू चालतं. १०८०पी, म्हणजे फुल एचडी स्क्रीनवर खेळायला आरएक्स ६६०० ही दोन्हींपेक्षा सरस. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसलं तरी ४ जीबी मेमरीमुळे नव्या गेममध्ये लवकर दम तोडतं, आणि जुन्या बोर्डावर तर त्याचा वेग आणखी घटतो.

बजेट पस्तीस-चाळीसवर अडलं असेल तर कमकुवत कार्ड घेऊच नका. रायझन ५ ५६००जी घ्या, त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) कमी सेटिंगला चालतात. कार्ड पुढच्या वर्षी टाका. अशा पीसीत रॅम १६ जीबीची एक काडी नको, ८-८ च्या दोन हव्यात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन काड्यांमुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. फ्रेममधला फरक डोळ्यांना दिसतो.

साठवणीसाठी एसएसडी घ्या, ती एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान, ५०० जीबी किमान. मोठे गेम एकेक करून शंभर जीबी ओलांडतात.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. सर्वात जास्त बनवाबनवी इथे होते. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ लिहिलेला हलका डबा येतो, ऑफिसच्या कामात त्याचं काही बिघडत नाही. गेम सुरू होऊन कार्डाने एकदम करंट ओढला, की पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. दुकानदार विंडोज बदलून देतो, रॅम बदलून देतो, दुखणं तसंच राहतं. आणि असा एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्डालाही सोबत नेऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या आणि कार्डाला लागणारी ८ पिनची वायर त्याच्याच अंगातून आलेली आहे ना ते बघा. मोलेक्स या जुन्या चार पिनच्या जोडणीवरून कन्व्हर्टर जोडलेला दिसला, तर तो पीसी घेऊ नका.

सोलापुरात याच्या बरोबरीने हवा महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात पत्र्याची किंवा वरच्या मजल्यावरची खोली. दुकानातल्या एसीत २४ अंशांना केलेली टेस्ट घरी ४० अंशांत लागू पडत नाही. पंख्यांचा वेग तोच राहिला, तर खोली जितक्या अंशांनी जास्त तापलेली, साधारण तितक्याच अंशांनी आतले पार्टही जास्त तापतात. म्हणून पुढे सपाट काच असलेलं कॅबिनेट नको, कितीही चमकू दे. पुढची बाजू जाळीची हवी, आत हवा घेणारे दोन पंखे पुढे आणि बाहेर फेकणारा एक मागे. पंख्यापाशी कागदाचा कपटा धरून हवेची दिशा तपासा. उलटे बसवलेले पंखे नव्या पीसीतही सापडतात. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडकडे घर असेल तर यंत्रमागांवरून उडणारे सुताचे तंतू जाळीवर बसून नमद्यासारखा थर तयार होतो, तेव्हा काढून धुता येणारा फिल्टर हवाच. दर पंधरा दिवसांनी तो धुऊन, पूर्ण वाळवून लावा. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र पीसीवर कधीही सोडू नका. त्या हवेबरोबर तुषार आणि क्षार बोर्डावर बसतात.

पैसे देण्याआधी दुकानात अर्धा तास मागा. साइड पॅनेल उघडून पार्टवरची नावं कोटेशनशी जुळवा. प्रोसेसर आणि कार्डाची खरी माहिती दाखवणारी सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही सॉफ्टवेअर चालवा. बनावट कार्डांपैकी बरीचशी जीपीयू-झेड ओळखतं आणि तसं लिहूनही दाखवतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीचे ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ती किती तास चालली ते बघा. नव्या म्हणून दिलेल्या एसएसडीवर हजारो तास दिसले तर ती जुनी आहे. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवून एचडब्ल्यूइन्फोवर तापमान पाहा. एसीतच कार्ड ८० अंशांच्या वर गेलं, तर मे महिन्यात ते स्वतःहून वेग कमी करणार हे धरून चाला. बिल जीएसटीचंच घ्या, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ अशा बिलावर कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी मागायला गेलात तर अडवतात.

कुरिअरने मागवलात तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा. चालू करण्याआधी आतला फोम काढा, मग रॅम आणि कार्ड स्लॉटमध्ये घट्ट बसलेत ना ते तपासा. जड कार्ड प्रवासात हलून निसटतं, अशा पीसीला डिस्प्ले येत नाही.

घरी इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी बंद ठेवा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, मॉनिटरसकट गेम चालू असताना तो अपुरा पडू शकतो. १००० व्हीए किंवा पुढचा घ्या. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १४४ करा, नाहीतर तो ६० वरच चालत राहतो.