दुबईला जाताय? घरच्यांशी व्हिडिओ कॉलची सोय निघायच्या आधीच करा

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की युएईमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं पण कॉल लागत नाही, आणि हे बऱ्याच जणांना तिकडे उतरल्यावर कळतं, तोवर इकडे आई फोन हातात घेऊन बसलेली असते. तिकडे बोटिम नावाचं अ‍ॅप चालतं, ते तुमच्या आणि घरच्या, दोन्ही फोनवर लागतं. नंबर टाकला की ओटीपी येतो, म्हणून इथे असतानाच उरकून घ्या, तिकडे भारतातलं सिम बंद असेल तर ओटीपी येणार कुठे?

आई-बाबांच्या फोनवर अ‍ॅप टाकून सोडून देऊ नका. कॅमेरा आणि माइकची परमिशन द्या, आयकॉन पहिल्याच स्क्रीनवर आणा, मग तुम्ही आतल्या खोलीत जा आणि तिथून कॉल करा, त्यांना स्वतःला उचलू दे. फोन कानाला लावतीलच, मग तुम्हाला नुसता कान दिसेल :) फोन डब्याला टेकवून ठेवायला सांगा, खिडकी पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो.

वेळ ठरवून ठेवा. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले की इकडे दहा, बाबा झोपायच्या तयारीत. व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागावा म्हणून व्हीपीएनच्या (इंटरनेटवरची बंदी चुकवायला वापरतात त्या अ‍ॅपच्या) भानगडीत मात्र पडू नका, तिकडचे कायदे कडक आहेत.