मेश वाय-फाय बदलायच्या आधी या चुका टाळा

इंदूरला आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात तीन डब्यांचा मेश सेट (म्हणजे घरभर रेंज पोचावी म्हणून एकमेकांशी बोलणारे वाय-फायचे डबे) काढून टाकून वाय-फाय ७ चा नवीन घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, धाकटा भाऊ जेल रोडला जाऊन भाव पण काढून आला, आणि शेवटी दोष निघाला एका केबलच्या टोकाला.

सगळे करतात ती चूक म्हणजे वरच्या खोलीत पलंगावर पडून मोबाईलवर स्पीड टेस्ट करायची आणि आकडा कमी आला की डब्याला शिव्या घालायच्या. आधी लॅपटॉप घ्या, फायबरवाल्याच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीने बसवलेल्या डब्याला केबलने जोडा आणि तिथे बघा. तिथेच प्लॅनएवढा स्पीड येत नसेल तर कितीही महागडा मेश आणा, काही होणार नाही. तिथे बरोबर आला तर मग मेशच्या मुख्य डब्यापाशी बघा, मग दुसऱ्यापाशी, असं एकेक करत जा. आकडा जिथे पडला तिथे घोळ.

आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. फायबरच्या डब्यावर बरोबर येत होता, पण मेशच्या मुख्य डब्याला चिकटून बसलं तरी ९४. सकाळी ९४, रात्री ९४. वाय-फायचा आकडा कधी असा शहाण्यासारखा एका जागी बसत नाही, तो वर-खाली होतोच, त्यामुळे ९४-९५ ला अडकून राहिला की समजायचं मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचीच लिंक आहे. झालं असं की गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात आणि १०० ला चारच पुरतात, म्हणून एखादी तार तुटली किंवा नीट बसली नसली तर मशीन गुपचूप १०० वर उतरतं, लाइट हिरवा तो हिरवाच, तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मी फायबरच्या डब्यातून मेशला जाणाऱ्या केबलचा प्लग उजेडात धरून बघितला तर फिटिंगवाल्याने आत चारच तारा घातल्या होत्या, बाकीच्या चार कापून मागे दुमडलेल्या! तयार मिळते ती लहान कॅट-६ केबल लावली आणि त्याच जुन्या डब्यापाशी २८० आला. (डब्याखालचं स्टिकर पण वाचा हं. स्वस्तातल्या काही सेटमधे पोर्टच (केबल खोचायची जागा) १०/१०० चा, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचा असतो. तसं असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर मात्र सेट बदलावाच लागेल.)

दुसरी चूक जागेची. जिथे रेंज येत नाही तिथेच डबा नेऊन ठेवायचा, हे आमच्याकडे पण केलं होतं. आता ज्या नळाला पाणीच येत नाही त्याच्याखाली बादली ठेवून काय मिळणार? त्या डब्याला स्वतःला मुख्य डब्याकडून सिग्नल मिळायला पाहिजे, म्हणजे तो अर्ध्या वाटेवर पाहिजे. आमचा तिसरा डबा लोखंडी कपाटाच्या मागे होता आणि मधे दीड फुटाची भिंत. तो काढून जिन्याच्या वळणावर ठेवला, कारण जुन्या घरात जाड भिंती फोडून सिग्नल नीट जात नाही पण जिना वरपर्यंत मोकळा असतो, आणि वरच्या खोलीत बाबांचा व्हिडिओ कॉल अडकायचा थांबला.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरा निर्णय यावरच असतो. ड्युअल-बँड (दोन बँडचा, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर चालणारा) सेट वायरशिवाय चालवला की डबा ज्या रेडिओने तुमच्या मोबाईलशी बोलतो त्यानेच दुसऱ्या डब्याशी पण बोलतो, म्हणून एका डब्यावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक उडीत स्पीड साधारण अर्धा होतो. ट्राय-बँडमधे (तीन बँडच्या सेटमधे) त्यासाठी वेगळा बँड ठेवता येतो. पण डब्यांमधे केबल टाकता येत असेल तर जुना वाय-फाय ५ चा सेट सुद्धा बिनवायरीच्या नव्या सेटला बऱ्याचदा मागे टाकतो, आणि केबलचा खर्च नव्या सेटच्या मानाने काहीच नाही.

फायबरवाल्याच्या डब्याचं वाय-फाय पण चालूच ठेवलंय का ते बघा, मोबाईल त्यालाच चिकटून बसतो. ते बंद करा, आणि एकतर तो डबा ब्रिज मोडमधे टाका (तो नेट नुसतं पुढे देतो) नाहीतर मेश ॲक्सेस पॉइंट मोडमधे (तो नुसतं वाय-फाय पसरवतो), दोघं राउटर, म्हणजे घरातलं नेट वाटणारे, बनून बसले की कॅमेरे आणि गेम त्रास देतात.

मग बदलायचा कधी? कंपनीने सिक्युरिटी अपडेट देणं बंद केलं असेल तर बदला, तिथे मी वाद घालणार नाही. डबा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी दुसऱ्या डब्याचा अडॅप्टर लावून बघा, पण तो सारख्याच व्होल्टचा पाहिजे. आणि नुसतं वाय-फाय ७ लिहिलंय म्हणून धावू नका, त्याचा ३२० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल ६ गीगाहर्ट्झमधेच चालतो, तो सिग्नल जाड भिंतीत आणखीच लवकर दम तोडतो, शिवाय मोबाईल पण ७ वाला पाहिजे. एकच डबा वाढवायचा असेल तर त्याच कंपनीचा, आधीच्या सेटशी जुळणारा घ्या, दुसऱ्या कंपनीचा बहुतेक वेळा जुळत नाही. नवा सेट घेतलाच तर नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, नाहीतर घरातला एकेक बल्ब, टीव्ही, कॅमेरा परत जोडत बसाल.

भावाने आणलेला किमतींचा कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे. येत्या रविवारी पोहे-जलेबी झाली की जिन्यातून केबल टाकायची आहे, फक्त केबल झाकायची पट्टी भिंतीच्या रंगाचीच पाहिजे म्हणून आई अडून बसलीय.