उन्हात चालून पायांवर चट्टे उठले तर काय करावं?

ज्ञानोबांच्या पालखीसोबत पुणे ते सासवड चालले होते. सुमारे ३० किलोमीटर, त्यात दिवेघाट. मुक्कामी मोजे काढले, तर मोज्यांच्या वर, दोन्ही नडग्यांवर लाल-जांभळे चट्टे आणि नुसती आग. सोबतच्या काकू म्हणाल्या, "घामोळं असेल, पावडर लाव." पण घामोळं नव्हतं ते. मोज्याखालची कातडी अगदी स्वच्छ होती. हा त्रास रक्तवाहिन्यांचा आणि त्याची खरी खूण तीच.

पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास चालून ते थकतात, उकाड्याने रक्तवाहिन्या फुगतात, रक्त खाली साठतं आणि बारीक वाहिन्यांना सूज येते. मोज्याच्या दाबाखाली ते साठत नाही. पन्नाशीपुढच्या बायकांना हा त्रास जास्त होतो. सावळ्या कातडीवर चट्टे लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसतात, तेव्हा रंगापेक्षा आग आणि सूज बघा.

आधी सावलीत आडवं व्हा. पायांखाली उशा किंवा सॅक घेऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवा, वीस मिनिटं तरी. गार पाण्यात पिळलेला पंचा नडग्यांवर ठेवा. बर्फ थेट कातडीला लावू नका. आणि कृपा करून त्या रात्री गरम पाण्याने शेकू नका, तेल लावून रगडूही नका. प्रेमाने कुणी पाय चेपायला बसलं तरी थांबवा. खाज असह्य झाली तर डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी घ्या.

चट्टे बहुधा दहाएक दिवसांत जातात, तपकिरी डाग थोडे रेंगाळतात. पण ताप, पोटदुखी, सांधेदुखी किंवा लघवीतून रक्त असेल, तर घरी थांबू नका. एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण आत गुठळी झालेली असू शकते.

एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. पुढच्या वेळी पहाटे लवकर निघा, दर तासाला पाय वर करून टेका. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे सकाळी, पाय सुजायच्या आत चढवा. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ते मोजे डॉक्टरांना विचारूनच घ्या.