झॉम्बी आलेच, तर घरात काय हवे आणि चावल्यावर काय करावे

मे २०११ मध्ये अटलांटाच्या सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, झॉम्बी आले तर काय तयारी ठेवावी याची सूचनावजा माहिती प्रसिद्ध केली. वाचायला इतकी झुंबड उडाली की ते पान काही काळ बंदच पडले. यामागे होते डॉ. अली खान, आणि हेतू सरळ होता: चक्रीवादळांच्या मोसमाआधी लोकांनी घरात पाणी, औषधे आणि बॅटऱ्या भरून ठेवाव्यात. चक्रीवादळाच्या नावाने कोणी हलत नाही, झॉम्बीच्या नावाने हलतो. आपणही तीच युक्ती वापरू, फक्त जरा शास्त्र लावून.

पहिली पायरी: समोर प्रेत आहे की रोगी, ते ठरवा

खरोखर मेलेला माणूस चालत आला, तर त्याच्याशी लढण्यापेक्षा दार लावून बसणे शहाणपणाचे. स्नायू आखडल्यावर पुन्हा सैल व्हायलाही एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते. श्वास थांबला की ते तयार होणे थांबते आणि स्नायू आखडलेल्या स्थितीतच अडकतात. यालाच मृत्युकाठिण्य म्हणतात. ते दोन-चार तासांत जाणवू लागते, तेही आधी जबड्यात आणि मानेत, आणि साधारण १२ तासांत सगळे शरीर लाकडासारखे होते. म्हणजे झॉम्बीचे मुख्य हत्यारच सगळ्यात आधी निकामी! एक-दोन दिवसांनी ताठरपणा जातो तो ताकद परत आली म्हणून नाही, स्नायू कुजू लागले म्हणून. हिरव्या-निळ्या माश्या तर काही मिनिटांतच येऊन अंडी घालायला लागतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवसांत पोट फुगते, कातडी सुटते. असला शत्रू जिना चढून येत नाही.

धोका असतो तो जिवंत, पण भान हरपलेल्या रोग्याचा. त्याला भूक, तहान, थकवा सगळे आहे, म्हणून तो फार काळ टिकत नाही. पुढचे सगळे हिशेब या दोन गोष्टींवर बेतले आहेत.

दुसरी पायरी: भीती नेमकी कशाची, ते जाणून घ्या

झॉम्बी मूळचा हैतीचा. तिथल्या समजुतीत तो कोणाला चावत नाही. उलट तोच बिचारा कोणाचा तरी गुलाम असतो. क्लेअरव्हियस नार्सिस या माणसाला १९६२ मध्ये देशापेल येथील रुग्णालयात मृत घोषित करून पुरण्यात आले. १९८० मध्ये एक जण गावच्या बाजारात त्याच्या बहिणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मीच तो. हार्वर्ड विद्यापीठाचा संशोधक वेड डेव्हिस हे तपासायला गेला. त्याने मांडले की मांत्रिकांच्या भुकटीत पफरफिशचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या केंड माशाचे, टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. ते माणसाला मेल्यासारखे निपचित करते, आणि बाहेर काढल्यावर धोतरा खाऊ घालून त्याला भ्रमात ठेवले जाते. पुढे इतर संशोधकांनी त्या भुकट्यांचे नमुने तपासले तेव्हा विष जेमतेम सापडले. १९९७ मध्ये लिटलवुड आणि दुयाँ या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन ‘झॉम्बीं’ची तपासणी मांडली. त्यांत मनोविकार, मेंदूची इजा, मतिमंदत्व अशी कारणे निघाली, आणि दोघे तर डीएनएनुसार त्या घरचे नव्हतेच. हरवलेला माणूस परत आला असे वाटून कुटुंबाने दुसऱ्याच कोणाला घरात घेतले होते.

धोतऱ्याचा भाग मात्र हसण्यावारी नेऊ नका. तोंड कोरडे, बुबुळातली बाहुली मोठी, अंग तापलेले आणि माणूस हवेतले काहीतरी वेचतोय असे दिसले तर धोतरा पोटात गेल्याचा संशय घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

मुंग्यांना ‘झॉम्बी’ करणारी ऑफिओकॉर्डिसेप्स बुरशी खरी आहे. ती मुंगीला जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवरच्या पानाच्या शिरेला चावायला लावते आणि मग डोक्यातून कोंब काढते. २०१७ च्या अभ्यासात दिसले की ती मेंदूत शिरतच नाही, स्नायूंभोवती जाळे विणते. माणसाला तिची भीती नको: बहुतेक बुरश्यांना आपले ३७ अंशांचे शरीर सोसत नाही, आणि ही तर विशिष्ट जातीच्या मुंगीपलीकडे जात नाही.

राहिला रेबीज. चाव्यातून लाळेवाटे येतो, नसांतून रोज काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर सरकत मेंदू गाठतो, आक्रमकपणा आणतो, पाण्याची भीती घालतो, आणि लक्षणे दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही. साथ पसरत नाही ती एवढ्याचसाठी की रोगी काही दिवसांत जातो आणि माणसाकडून माणसाला चाव्यातून लागण जवळपास होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने यात वर्षाला जगभर सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, आणि त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा भारताचा आहे.

तिसरी पायरी: चावा

हे पाठच करा.

चावा लागल्या लागल्या जखम वाहत्या नळाखाली धरा आणि साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावा, कारण अंदाजाने लोक दोन मिनिटांत थांबतात. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काहीही लावू नका. त्याने धुणे वाया जाते आणि डॉक्टरला जखम दिसत नाही. शक्यतो टाके घालू देऊ नका, घट्ट पट्टी नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा.

नंतर त्याच दिवशी लस. दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात: दोन ठिकाणी ०.१ मिलि, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कुल्ल्यावर घेऊ नका, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. ‘पोटात १४ इंजेक्शने’ हा प्रकार केव्हाच बंद झाला, त्या धास्तीने घरी बसू नका.

कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली असेल, तर ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची बाब. तेव्हा लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, जखमेतच भरावे लागते, कारण लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर लागतो आणि विषाणू तोवर थांबत नाही. पहिल्या दिवशी मिळाले नाही तर पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत घेता येते. चावणारे कुत्रे असेल तर ते १० दिवस नजरेखाली ठेवायचे असते, पण लस सुरू करून. ते धडधाकट राहिले तर पुढचे डोस डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्या.

आता एक गोष्ट, जी झॉम्बीवाले हमखास विसरतात. समोरच्याच्या तोंडावर ठोसा मारू नका. दात बोटाच्या सांध्यावर लागून अर्ध्या सेंटिमीटरचा काप जातो. मूठ उघडली की कातडी सरकते आणि माणसाच्या तोंडातले जंतू आत, सांध्यात बंद होतात. एक-दोन दिवसांत बोट सुजून तांबडे होते आणि वाकवता येत नाही. हा काप कितीही किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी दाखवा, प्रतिजैविके लागतात.

चौथी पायरी: पाणी

माणशी रोज ४ लिटर, पिणे आणि जेमतेम स्वयंपाक धरून. चार माणसे, तीन दिवस: ४८ लिटर. म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. जागा असेल तर दोन आठवड्यांचे साठवा. कॅन खाण्याच्या दर्जाचा असावा. रंगाचा किंवा रॉकेलचा जुना डबा कितीही घासला तरी नाही. सावलीत ठेवा, सहा महिन्यांनी बदला. पेला बुडवू नका, तोटी बसवा किंवा ओगराळे ठेवा. साठवलेले पाणी बिघडते ते बहुधा हातानेच.

बाहेरचे पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळा, मग खळखळून एक मिनिट उकळा. गॅस नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचे, वास-रंग न मिसळलेले ब्लीच लिटरला २ थेंब घाला, ढवळा, ३० मिनिटे थांबा. पाणी गढूळ असेल तर ४ थेंब. शेवटी क्लोरीनचा मंद वास आला पाहिजे. न आल्यास तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी थांबा. तरीही वास नाही? मग ब्लीच जुने झाले आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर तांब्यात चिमूटभर टाकण्याचा उद्योग नको. घरासाठी क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, पाकिटावर लिटरचे प्रमाण असते.

जुलाब लागले तर १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ महत्त्वाचे: शिगोशीग मीठ लहान मुलाला घातक ठरू शकते, जास्त साखरेने जुलाब वाढतात. तयार ओआरएसची पाकिटे असतील तर तीच उत्तम.

पाचवी पायरी: शिधा आणि पिशवी

शिजवावे लागणार नाही असेच ठेवा: फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू. खारट शेव-चिवडा कमी, तहान लागते. पिशवीत टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, शिट्टी, प्लॅस्टिकमध्ये काडेपेटी, सुटे पैसे, कागदपत्रांच्या प्रती, चष्मा आणि रोजच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या. बॅटऱ्या रेडिओत घालून ठेवू नका, पाझरून खराब करतात. भरलेली पिशवी घेऊन दोन मजले चढून पाहा. दम लागला तर निम्मे सामान बाहेर काढा. कुऱ्हाडी-तलवारींची यादी इथे नाही, कारण बहुतेकांना त्या स्वतःलाच लागतील.

सहावी पायरी: थांबायचे की निघायचे

२००९ मध्ये कॅनडातल्या गणितज्ञांनी झॉम्बी साथीचे समीकरण मांडले. निष्कर्ष असा की लवकर आणि पुन्हा पुन्हा प्रतिहल्ला झाला तरच माणसे टिकतात. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्यांनी अमेरिकेच्या नकाशावर साथ सोडून पाहिली, तर सर्वांत उशिरापर्यंत सुरक्षित राहिली उत्तरेकडच्या रॉकी पर्वतातली विरळ वस्ती. पण पहिल्या दिवशीच सगळे डोंगराकडे निघाले तर घाटातच वाहतूक अडकते, आणि गाडीत तुमच्याकडे ना ४८ लिटर पाणी असते ना दाराला कडी. प्रशासनाने सांगितल्याशिवाय, किंवा आग-पाणी दारात आल्याशिवाय, घर सोडू नका.

सातवी पायरी: प्रेते

प्रेतांमुळे साथ येते हा समज पूर, भूकंप सगळीकडे पुन्हा पुन्हा उफाळतो. आघाताने मेलेल्यांपासून साथ पसरत नाही. जिवंत गर्दी आणि घाण पाणी यांतून पसरते. कॉलरा किंवा इबोलासारख्या रोगाने गेलेल्यांचे प्रेत मात्र प्रशिक्षित पथकावर सोडा. एरवी प्रेत पिण्याच्या पाण्यापासून दूर न्या, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. वर चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकून उपयोग नाही. घाईने सामुदायिक दहन करू नका. आधी चेहऱ्याचा आणि कपड्यांचा फोटो काढा, एकच क्रमांक फोटोला आणि मनगटाला बांधलेल्या चिठ्ठीला द्या, सापडल्याची जागा लिहा, मगच हलवा. दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखू येत नाही.