आल्बेरोबेल्लो समजून घेत कसं बघावं

मी दक्षिण इटलीतल्या बारी शहरात राहते. भारतातून कुणी आलं की आल्बेरोबेल्लो हे गाव दाखवायचं काम माझ्याकडेच येतं, आणि माझा क्रम ठरलेला आहे.

गर्दी थेट रिओने मोंती या वस्तीच्या उतारावर जाते. तिथे हजाराच्या वर त्रुल्ली, म्हणजे शंकूसारख्या दगडी छपराची घरं, आहेत, पण बऱ्याच घरांत आता दुकानं. तुम्ही आधी आया पिक्कोला या दुसऱ्या वस्तीत जा. तिथे अजून लोक राहतात, म्हणून आवाज बेताचा ठेवा आणि दारांतून डोकावू नका.

भिंतींना सफेदी असते. नजर छपरावर न्या. चुनखडीच्या राखाडी चपट्या फरश्या, स्थानिक भाषेत ‘कियांकारेल्ले’, नुसत्या एकावर एक रचलेल्या. मध्ये ना चुना, ना माती. हेमाडपंती देवळं पाहिलेल्यांना हे नवं नाही, पण इथे अख्खं छप्पर असं उभं आहे! प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा आत सरकतो आणि माथ्यावर शंकू मिटतो. फरश्या बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या असतात, त्यामुळे पाणी आत न झिरपता घराखालच्या टाक्यात जातं. टाकं खोदताना निघालेला दगडच बांधकामाला वापरायचे.

चुना का नाही, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नेपल्सच्या राज्यात नवी वस्ती वसवायची तर राजाची परवानगी लागे आणि कर भरावा लागे. इथली जमीन ज्यांच्या ताब्यात होती, त्या कोन्व्हेर्सानोच्या आक्वाविवा सरदारांना तो कर चुकवायचा होता. म्हणून त्यांनी कुळांना कोरडीच रचाई करायला लावली: तपासणी आली की घरं पाडता यावीत. राबून बांधायचं शेतकऱ्याने, ते उभं ठेवायचं की नाही हे ठरवायचं सरदाराने. मला या गावात सगळ्यात जास्त हेच लागतं.

मग पियात्सा फेर्दिनांदो चौकात या. राजा चौथा फर्डिनांड याने २७ मे १७९७ रोजी गाव सरदारीतून मोकळं केलं. त्यानंतर लगेच इथे ‘काझा दामोरे’ उभं राहिलं, गावातलं चुन्यात बांधलेलं पहिलं घर. दिसायला साधं आहे, लोक न बघताच पुढे जातात. तुम्ही थांबा, दगडांमधले सांधे बघा.

त्रुल्लो सोव्रानो हे दुमजली घर आतून बघण्यासारखं आहे. मोंती शेवटी, चढून वर सांत अंतोनियोच्या चर्चपर्यंत.

वाटेत कुठे छपराची दुरुस्ती चालू दिसली, तर बाकीचं राहिलं तरी चालेल. कारागीर फरशी हातात फिरवून, हातोडीने कड छाटून बसवतो, ते उभं राहून बघा.