लिथियम कार्बोनेट: पाठांतराऐवजी कारणाने शिकण्याचा क्षार

खानापूर, निपाणी, बेळगाव या भागांत दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) विज्ञान घेणारी मुले इंग्रजी पुस्तकांच्या धास्तीने गुणधर्मांचे तक्ते पाठ करू लागतात; मीही तसाच शिकत होतो. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत लिथियम कार्बोनेट हाताळले, तेव्हा त्या तक्त्यांमागची कारणे दिसू लागली. म्हणून नव्या विद्यार्थ्यांनी हा क्षार मन लावून अभ्यासावा, असे मी आग्रहाने सांगतो.

तो पांढरा, गंधहीन असून त्याचा द्रवणांक सुमारे 723 अंश सेल्सिअस आहे. एवढे लक्षात ठेवून विद्राव्यतेकडे वळावे. शून्य अंशाला 100 मिलिलिटर पाण्यात तो सुमारे 1.5 ग्रॅम विरघळतो, तर 100 अंशाला जेमतेम 0.7 ग्रॅम. विरघळताना उष्णता बाहेर पडत असल्यामुळे, ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार (समतोल केलेल्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेने सरकतो), तापमान वाढवले की समतोल घन क्षाराच्या बाजूला सरकतो. म्हणूनच लिथियम क्लोराइडच्या संहत द्रावणात सोडियम कार्बोनेट घालून अवक्षेप (द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा घन क्षार) मिळवताना द्रावण गरम ठेवावे, गरम असतानाच गाळावे आणि अवक्षेप उकळत्या पाण्याने धुवावा. थंड पाण्याने धुतल्यास हाती आलेला क्षार गाळणीतून निघून जातो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडल्यास मात्र अधिक विद्राव्य बायकार्बोनेट तयार होते आणि ते द्रावण तापवले की कार्बोनेट परत मिळते. शुद्धीकरणाची ही रीत मला फार सुंदर वाटते.

लिथियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा बराच लहान आहे. लहान आयन शेजारच्या कार्बोनेट आयनाला जास्त ओढून अस्थिर करतो, त्यामुळे तीव्र उष्णतेत हा कार्बोनेट ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटित होतो. सोडियम कार्बोनेट इतक्या सहज विघटित होत नाही. या बाबतीत लिथियमचे साम्य मॅग्नेशियमशी अधिक आहे. वितळलेला कार्बोनेट चिनी मातीच्या मुशीला खातो, हेही ध्यानात असावे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लिथियम क्लोराइडची बाटली उघडी राहिली, तर ते हवेतील ओलावा शोषून पातळ होते; कार्बोनेट कोरडाच राहतो, त्यामुळे अचूक वजनासाठी तोच घ्यावा. ज्योत परीक्षेत त्याला हायड्रोक्लोरिक आम्लाने ओलावून बाष्पनशील क्लोराइड होऊ द्यावे आणि प्लॅटिनमची तार आधी त्याच आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा तापवावी, कारण सोडियमचा अंश उरला तर त्याच्या पिवळ्या ज्योतीत लिथियमचा किरमिजी रंग झाकला जातो.