क्रॉसटर्म शिकताय? मग विंडोजवर पहिल्याच आठवड्यात चालवून बघा

रस्ट थोडंफार येतं, कार्गो येतं आणि आता टर्मिनलमध्ये चालणारं काहीतरी बनवायचंय, अशांसाठी हे लिहितोय. माझं मत विचाराल तर टर्मिनलचा स्क्रीन आणि कीबोर्ड हाताळायला क्रॉसटर्म ही लायब्ररीच घ्या. याच कामाची जुनी लायब्ररी एनकर्सेस भक्कम आहे, १९९३ पासूनची आहे, पण ती सी मधली, आणि विंडोजवर तिला बसवताना नवशिक्याचा जीव जातो. क्रॉसटर्म पूर्ण रस्टमध्ये आहे, एकच कोड लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे कंपाइल होतो.

पण कंपाइल होतो म्हणजे सगळीकडे सारखाच वागतो असं नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. लिनक्सवर साधी यादी बनवली होती, खालचा बाण दाबला की एक ओळ खाली, अगदी व्यवस्थित. मित्राने तीच विंडोजवर चालवली तर दर वेळी दोन ओळी खाली. आणि स्पेसने टिक करायची सोय होती ती तर बंदच पडल्यासारखी, कारण टिक लागत होती आणि लगेच निघतही होती, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. मी यादीचा इंडेक्स तपासला, लूप तपासला, सगळं परत लिहून काढलं, तरी तेच.

कारण असं आहे. विंडोजवर क्रॉसटर्म की दाबल्याचा एक इव्हेंट देतं आणि सोडल्याचा दुसरा. आवृत्ती ०.२६ पासून हे असं आहे. लिनक्स आणि मॅकवर नेहमीच्या टर्मिनलला की कधी सोडली हे कळतच नाही, त्याच्याकडे फक्त बाइट्स येतात, म्हणून तिथे एकच इव्हेंट. तुम्ही नुसतं 'की इव्हेंट आला का' एवढंच बघत असाल तर विंडोजवर सगळं दोनदा होणार. अजून एक गंमत म्हणजे कार्गो रन लिहून जो एंटर तुम्ही दाबता, तो सोडल्याचा इव्हेंट कधीकधी तुमच्याच प्रोग्रॅमला पहिला म्हणून मिळतो, आणि 'कुठलीही की दाबा' वाला स्क्रीन आपोआप पुढे जातो.

उपाय एका ओळीचा आहे. की इव्हेंटमध्ये काइंड नावाचं फिल्ड असतं, त्यात प्रेस, रिपीट किंवा रिलीज येतं. बऱ्याच उदाहरणांत फक्त प्रेस घ्या असं दाखवतात. मी म्हणेन रिलीज तेवढं टाकून द्या, कारण पुढे किटी या टर्मिनलचा कीबोर्ड प्रोटोकॉल (की बद्दल जास्त माहिती देणारी पद्धत) चालू करून इव्हेंटचे प्रकार मागवलेत तर की दाबून धरल्यावर रिपीट येतं, आणि नुसतं प्रेस तपासणाऱ्या कोडमध्ये स्क्रोल अडकतो.

घाबरू नका, बाकीचं खरंच सोपं आहे. रॉ मोड (यात टर्मिनल स्वतः काही न करता प्रत्येक की थेट प्रोग्रॅमला देतं) चालू असताना प्रोग्रॅम पॅनिक झाला तर टर्मिनल बिघडल्यासारखं दिसतं, टाइप केलेलं दिसत नाही, तेव्हा न बघता रीसेट टाइप करून एंटर मारा. कायमचा इलाज म्हणजे पॅनिक हुक लावून त्यात रॉ मोड बंद करायचा. स्क्रीन लुकलुकत असेल तर प्रत्येक तुकड्याला एक्झिक्यूट मॅक्रो (execute!) वापरताय का बघा, ते दर वेळी फ्लश करतं म्हणजे लगेच टर्मिनलकडे पाठवतं, त्याऐवजी क्यू मॅक्रो (queue!) वापरून शेवटी एकदाच फ्लश करा. आणि देवनागरी दाखवणार असाल तर आधीच सांगतो, जोडाक्षरं आणि काना-मात्रांची रुंदी वेगवेगळी टर्मिनल्स वेगवेगळी मोजतात, सरळ कॉलम मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

रॅटाटुई, म्हणजे टर्मिनलमध्ये तयार याद्या, तक्ते वगैरे दाखवणारी रस्टची लायब्ररी, थेट उचलू नका असं मी सगळ्यांना सांगतो. लायब्ररी उत्तमच आहे, तिचं इनिट फंक्शन पॅनिक हुकसुद्धा लावून देतं, पण मग खाली काय चाललंय ते कळत नाही आणि अडलात की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसता. मेंटर शोधत फिरण्यापेक्षा विंडोज वापरणारा एक मित्र शोधा, जो तुमची एक्झी खरंच चालवून बघेल.

पहिला प्रोग्रॅम एवढाच लिहा: रॉ मोड चालू, लूपमध्ये रीड, जो इव्हेंट येईल तो जसाच्या तसा छापायचा, आणि q अक्षराची की दाबली की रॉ मोड बंद करून बाहेर. कंट्रोल-सी वर विसंबू नका, रॉ मोडमध्ये ती पण साधी की म्हणूनच येते. छापताना नव्या ओळीआधी कॅरेज रिटर्न टाका, नाहीतर लिनक्सवर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातील. मग हाच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवून एकेक की दाबा आणि काय काय छापलं जातंय ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.